पहिल्यांदा जपानला जाताना: तिथे कुणी बोलून न दाखवणारे नियम

तोक्योत उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या आत्याने लोकलमध्ये बसल्याबसल्या नाशिकला फोन लावला. सुखरूप पोचलो, थंडी बरीच आहे, नातवाचा पेपर कसा गेला, एवढंच बोलणं. डबा भरलेला होता. कुणी वळून पाहिलं नाही, कुणी खाकरलं नाही. समोरचे गृहस्थ आपल्या बुटांकडे बघत राहिले. फोन ठेवल्यावर आत्याच्या लक्षात आलं की सबंध डब्यात तेवढा एकच आवाज होता. ती हळूच म्हणाली, "अगं, मला कुणी सांगितलं का नाही?"

जपानला येणाऱ्या आपल्या माणसांची अडचण नेमकी हीच असते. नियम पुष्कळ आहेत, पण तुमचा एखादा चुकला तर तोंडावर कुणीच सांगत नाही. आपल्याकडे निदान एक आजोबा "ओ ताई, जरा हळू" म्हणतात आणि विषय संपतो. इथे तो संपत नाही, कारण सुरूच होत नाही. मी काही वर्षं तोक्योत राहते आहे आणि दरवर्षी पुण्या-नाशिकहून कुणी ना कुणी येतंच. त्यांना विमानतळावरून घरी आणताना जे सांगत आले, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

सुरुवातीला एकच शब्द शिकून घ्या: मेइवाकु. आपल्यामुळे दुसऱ्याला होणारी अडचण. मुलांना इथे अगदी लहानपणापासून शिकवतात की मेइवाकु होईल असं वागू नये. पुढचे बहुतेक नियम या शब्दातून निघालेले आहेत. काय करावं ते कळेनासं झालं, तर शेजारच्या माणसाला आपली अडचण होते आहे का एवढं बघा. दहातल्या आठ वेळा उत्तर बरोबर येतं.

१. घरून निघण्याआधी

तारखा ठरवताना आपल्या शाळांच्या सुट्ट्यांबरोबर जपानचीही दिनदर्शिका बघा. २९ एप्रिल ते ५ मे या आठवड्यात तिथे सुट्ट्या लागून येतात, त्याला गोल्डन वीक म्हणतात. अख्खा देश फिरायला निघतो, खोल्या महाग होतात, गाड्या भरून जातात. मे महिन्यातच यायचं असेल तर ७ तारखेनंतर या, हवा सुंदर असते. सकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायचा असेल तर तोक्यो-क्योतोत साधारण मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा. जूनमध्ये पाऊस सुरू होतो. ऑगस्टच्या मध्यावर ओबोन असतो, पूर्वजांचा सण. आपल्या पितृपक्षासारखी त्यामागची भावना, पण गावोगावी कंदील लावून लोक फेर धरून नाचतात. त्या दिवसांत शहरातली माणसं गावी जातात, म्हणून गाड्यांत पुन्हा गर्दी.

बॅगेत काय नको ते आधी सांगते. हापूसची पेटी नको. ताजी फळं, भाज्या, कढीपत्त्यासारखी पानं आपल्या देशाच्या वनस्पती-तपासणी प्रमाणपत्राशिवाय आत येऊ देत नाहीत, मांसाचे पदार्थही नाहीत. औषधांच्या बाबतीत तर फार सांभाळा. आपल्याकडच्या सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. त्याचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असेल तर ते औषध जपानमध्ये आणायला बंदी आहे, डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी. बीपी-शुगरची नेहमीची औषधं एक महिन्यापुरती आणता येतात. त्याहून जास्त हवी असतील तर आधी परवानगी काढावी लागते. सगळी औषधं मूळ पाकिटात ठेवा आणि चिठ्ठी इंग्रजीत लिहून घ्या.

विजेचा दाब तिथे १०० व्होल्ट असतो आणि पिन दोन चपट्या पात्यांची. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर चालतात, फक्त अडॅप्टर लागतो. आपली पाणी तापवायची किटली किंवा छोटा कुकर मात्र घेऊन येऊ नका. नीट चालणारही नाही, आणि हॉटेलच्या बंद खोलीत फोडणी देणं म्हणजे सबंध मजल्याला मेइवाकु.

खोली आरक्षित करताना माणसं मोजून लिहा. "तिघांची खोली घेऊ, चौथ्यासाठी एक गादी टाकतील" हा आपला हिशोब इथे चालत नाही. बऱ्याच ठिकाणी, खासकरून रियोकानमध्ये म्हणजे पारंपरिक विश्रामगृहात, दर खोलीचा नसतो, माणशी असतो. दोघांच्या नावाने घेतलेल्या खोलीत तिसरा आढळला तर वाद घालणार नाहीत, पण खाली उतरून पैसे भरावे लागतील, नाहीतर दुसरी खोली शोधावी लागेल.

खोल्या लहान असतात. मोठी बॅग उघडून पसरली की चालायला जागा उरत नाही. म्हणून सामान कमी आणा. आणि एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना बॅगा स्वतः ओढू नका. सामान पोचवणारी ताक्यूबिन नावाची सेवा आहे. हॉटेलच्या काउंटरवर सांगितलं की इथली बॅग बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी पुढच्या हॉटेलात हजर होते. आई-बाबांना घेऊन येणार असाल तर यावर पैसे जरूर खर्च करा.

२. स्टेशन आणि गाडी

विमानतळावरच प्रवासाचं कार्ड घ्या. तोक्योत सुइका किंवा पास्मो, ओसाकात इकोका. एक घेतलं की मोठ्या शहरांतल्या लोकल, मेट्रो आणि बहुतेक बसमध्ये चालतं, दुकानांतही चालतं. आत जाताना टेकवायचं, बाहेर पडताना टेकवायचं. सगळीकडे फिरण्याचा जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेचा पास, पूर्वी अगदी डोळे मिटून घ्यावा असा होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या साध्या पासाची किंमत २९,६५० वरून ५०,००० येन झाली. आता तुमच्या मार्गाच्या सुट्या तिकिटांची बेरीज करून मगच ठरवा. फक्त तोक्यो-क्योतो करून परत येणाऱ्यांना तो परवडत नाही.

मुंबईत वाढलेल्या माणसाला तोक्योच्या गर्दीचं काहीच वाटत नाही, चकित करते ती शांतता. फलाटावर दार कुठे येणार त्याच्या खुणा असतात, त्यामागे रांग लावा. गाडी थांबली की दोन्ही बाजूंना सरकून उतरणाऱ्यांना वाट द्या. पाठीवरची सॅक पुढे घ्या. फोन आवाज बंद करून ठेवा आणि आला तरी उचलू नका. आपसात बोलायला हरकत नाही, पण आपला घरगुती आवाज निम्मा करा. सकाळच्या गर्दीच्या वेळी काही डब्यांवर गुलाबी पट्टी दिसेल, तो लेडीज डबा. तो फक्त ठरावीक वेळेपुरता असतो, हे पुरुषमंडळींनी खाली लिहिलेलं वाचून पाहावं.

सरकत्या जिन्यावर तोक्योत लोक डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे. जिन्यावर चालूच नका असं अलीकडे सांगितलं जातं. साइतामा प्रांताने २०२१ मध्ये आणि नागोया शहराने २०२३ मध्ये तसा नियमच केला. तुम्ही पुढच्या माणसाकडे बघा आणि त्याच्यामागे उभे राहा.

वेळेबद्दल सगळ्यांनी ऐकलेलं असतं, तरी प्रत्यक्षात धक्का बसतोच. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्सुकुबा एक्स्प्रेसची एक गाडी २० सेकंद आधी सुटली, म्हणून कंपनीने जाहीर माफी मागितली होती. गाडीला उशीर झाला तर स्टेशनवर उशिराचा दाखला मिळतो, तो लोक ऑफिसात दाखवतात. तेव्हा ९:४४ म्हणजे ९:४४. शेवटची लोकल साधारण मध्यरात्रीच्या सुमाराला जाते, तिची वेळ रोज बघून ठेवा. ती चुकली तर टॅक्सी फार महाग पडते.

फलाटावर एक दृश्य मुलांना मुद्दाम दाखवा. पांढरे हातमोजे घातलेला कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्याने काहीतरी म्हणतो, समोर कुणी नसतानाही. या पद्धतीला शिसा कान्को म्हणतात. नुसतं बघण्यापेक्षा बोट दाखवून तोंडाने उच्चारलं की चूक कमी होते, म्हणून शंभराहून अधिक वर्षं हे चालत आलं आहे. मला अजूनही ते बघताना भरून येतं. कुणी बघत नसताना माणूस इतकं मनापासून काम करतो!

शिंकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, खायला हरकत नाही. स्टेशनवर एकिबेन नावाचे सुंदर डबे मिळतात. रोजच्या लोकलमध्ये मात्र खाऊ नका. शिंकान्सेनमध्ये लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटीमीटरपेक्षा मोठी बॅग असेल तर तोकाइदो, सान्यो आणि क्यूशू मार्गांवर त्यासाठी जागेचं वेगळं आरक्षण लागतं. ते तिकिटाबरोबरच मिळतं, जास्तीचे पैसे पडत नाहीत.

आणि कचऱ्याची पिशवी! रस्ते आरशासारखे, पण कचऱ्याचा डबा शोधून सापडत नाही. २० मार्च १९९५ ला तोक्योच्या मेट्रोत एका पंथाने सारिन हा विषारी वायू सोडला. त्यानंतर सुरक्षेसाठी सार्वजनिक जागांवरचे डबे मोठ्या प्रमाणावर काढले गेले. लोक आपला कचरा बॅगेतून घरी नेतात. तुम्हीही एक प्लास्टिकची पिशवी सोबत ठेवा आणि रात्री हॉटेलात रिकामी करा. पेयाच्या यंत्राशेजारचा डबा फक्त बाटल्या आणि कॅनसाठी असतो.

३. चपला आणि स्वच्छतागृह

चपला बाहेर काढायचं आपल्याला शिकवावं लागत नाही. वेगळं आहे ते एवढंच: घरात शिरल्यावर खालच्या पातळीची छोटी जागा असते, गेन्कान. चपला तिथे काढायच्या, पाय जमिनीला न टेकवता सरळ वरच्या पायरीवर ठेवायचा, आणि मग वळून चपलांची तोंडं दाराकडे करून ठेवायची. वर घरातल्या सपाता असतात. ताताम्या, म्हणजे गवती चटया, अंथरलेल्या खोलीत मात्र त्या सपाताही काढायच्या. स्वच्छतागृहाच्या दाराशी तिसरा जोड असतो, तो फक्त तिथल्यापुरता. तोच घालून परत जेवायच्या खोलीत येणं ही परदेशी पाहुण्यांची सर्वात नेहमीची चूक. ज्याने आजीच्या घरी सोवळ्या-ओवळ्याच्या जागा वेगळ्या पाहिल्या आहेत, त्याला हे पटकन कळतं. मोजे नवीन आणा, दिवसातून पाच-सहा वेळा दिसणार आहेत.

स्वच्छतागृहाचा आपल्याला सुखद धक्का बसतो, कारण तिथे पाणी असतं. तोतो कंपनीने १९८० मध्ये वॉशलेट आणला, आणि आज घराघरात, स्टेशनात, मॉलमध्ये पाण्याच्या फवाऱ्याचं कमोड दिसतं. बटणं जपानी लिपीत असतात, पण चित्रं कळतात. "थांबा"चं बटण आधी शोधा, मग बाकीची दाबा. वापरलेला कागद कमोडमध्येच टाकायचा, डब्यात नाही. हात पुसायला कागद बऱ्याच ठिकाणी नसतो, म्हणून जपानी माणसं रुमाल बाळगतात. तुम्हीही बाळगा.

४. जेवण

मांसाहारी असाल तर हा भाग थोडक्यात आवरता येईल: जे समोर येईल ते खाऊन बघा. खरी काळजी आहे शाकाहारी माणसांची.

जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी नावाच्या पाण्यावर आहे. बहुतेक वेळा ते कात्सुओ माशाच्या वाळवलेल्या पातळ कापांपासून काढतात. मिसो सूप, उदोन-सोबा या नूडल्सचा रस्सा, शिजवलेल्या भाज्या, सगळ्यांत ते असतं. जपानी माणसाला त्यात मासा दिसत नाही, आपल्याला फोडणीत हिंग दिसत नाही तसंच. त्यामुळे "मी व्हेजिटेरियन आहे" म्हटल्यावर तो मनापासून होकार देतो आणि माशाच्या पाण्यात शिजवलेला मुळा आणून ठेवतो. तो फसवत नसतो. म्हणून प्रत्येक वस्तूचं नाव घ्यायचं: निकु म्हणजे मांस, साकाना म्हणजे मासा, दाशी, तामागो म्हणजे अंडं. पहिल्याच दिवशी हॉटेलच्या काउंटरवरच्या माणसाकडून एका कागदावर जपानीत लिहून घ्या: "मी मांस, मासे, माशाची दाशी खात नाही." अंडं आणि दूध चालतं की नाही तेही लिहा. हा कागद खिशात असला की निम्मी चिंता मिटते.

पाकिटांवरच्या अ‍ॅलर्जीच्या यादीवर विसंबू नका. तिथे दूध, अंडं, गहू, शेंगदाणा, झिंगे, खेकडा असे पदार्थ लिहिणं बंधनकारक आहे. मांस किंवा मासा त्या सक्तीच्या यादीत येत नाही. जपानी करीच्या तयार वड्यांत प्राण्यांची चरबी असू शकते. कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानांत, ओनिगिरी हे भाताचे त्रिकोण मिळतात. उमे म्हणजे आंबट-खारट प्लमचा त्रिकोण बहुतेक शाकाहाऱ्यांना चालून जातो. तरी अगदी कडक पाळणाऱ्यांनी पाकिटाचा फोटो काढून भाषांतर करून बघावा.

आता चांगली बातमी. शोजिन र्योरी हे बौद्ध मठांतलं जेवण. त्यात मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही नाही. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या आजीने ते बिनघोर जेवावं. ते खायची सर्वात सुंदर जागा म्हणजे कोयासान. ओसाकाच्या नांबा स्टेशनवरून नानकाइ रेल्वेने आणि शेवटी केबल कारने डोंगरावर जायचं. तिथल्या मठांत मुक्काम करता येतो. संध्याकाळचं जेवण आणि पहाटेची प्रार्थना धरूनच मुक्काम असतो. संध्याकाळी पाच-साडेपाचच्या आत पोचा, जेवणाची वेळ पाहुण्यासाठी पुढे ढकलत नाहीत. याच कोयासानच्या विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, त्याचं अनावरण २०१५ मध्ये झालं. देवदारांच्या त्या थंड, शांत डोंगरावर बाबासाहेबांना बघून काय वाटतं ते मला शब्दांत सांगता येत नाही. तुम्ही जाच.

घरच्या चवीची आठवण झाली तर तोक्योच्या एदोगावा वॉर्डातलं निशी-कासाई गाठा. तिथे भारतीयांची मोठी वस्ती आहे, भारतीय वाणसामानाची दुकानं आहेत. याच वॉर्डातून २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस नगरसेवक म्हणून निवडून आला.

टेबलाच्या रीतींपैकी दोन फार जपा. हाशी, म्हणजे जेवायच्या काड्या, भातात उभ्या खोचू नका. मृतासमोर ठेवलेल्या भातात त्या तशा खोचतात. आणि आपल्या काड्यांनी दुसऱ्याच्या काड्यांत घास देऊ नका. दहनानंतर अस्थी गोळा करताना नातेवाईक काड्यांनी अस्थी तशा देतात. पिंडाचा भात आपण रोजच्या पानात तसा वाढत नाही ना, तसंच हे. बाकी चुका सगळे पोटात घालतात. काड्या जमत नसतील तर चमचा मागा. सुशी हाताने खाल्ली तरी चालते. नूडल्स सुर्रकन आवाज करून ओढणं रीतीला धरून आहे. भर जेवणात नाक शिंकरणं मात्र नाही.

जेवणाआधी हात जोडून "इतादाकिमास" म्हणतात, नंतर "गोचिसोसामा देश्ता". पहिल्यात मिळालेल्या अन्नाचा नम्रपणे स्वीकार आहे, दुसऱ्यात रांधणाऱ्याचे आभार. आपल्या "अन्नदाता सुखी भव"च्या अगदी जवळचं. उठताना एवढं म्हणा आणि स्वयंपाक्याचा चेहरा बघा.

वेटरला बोलवायला "सुमिमासेन", म्हणजे माफ करा, म्हणा, किंवा टेबलावरचं बटण दाबा. टीप ठेवू नका. तुम्ही पैसे विसरलात असं समजून माणूस रस्त्यावर धावत येतो. इझाकाया नावाच्या संध्याकाळच्या खानावळीत न मागता एक छोटी वाटी येते, ती ओतोशी. तिचे पैसे लागतात, ती बसायची फी आहे असं समजा. पैसे हातात न देता छोट्या तबकात ठेवायचे.

५. अंघोळ

या पायरीला आपली माणसं सर्वात जास्त बिचकतात. ओन्सेन म्हणजे गरम पाण्याचे झरे. स्त्री-पुरुषांची स्नानगृहं वेगळी, पण आत कपड्यांविना जायचं असतं. पोहण्याचा पोशाख चालत नाही. माझ्या आईने दोन दिवस नकार दिला, तिसऱ्या दिवशी पहाटे गेली आणि मग रोज गेली. कुणी कुणाकडे बघत नाही, हे पाच मिनिटांत कळतं. तरीही नकोच वाटलं तर खोलीतच खासगी कुंड असलेली, किंवा तासाभरासाठी कुटुंबाला वेगळं कुंड देणारी ठिकाणं शोधा.

क्रम असा. कपडे टोपलीत ठेवा. छोटा पंचा तेवढा आत न्या. आधी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ करा, साबण पूर्ण धुऊन टाका. मग कुंडात उतरा. कुंड अंग शेकण्यासाठी आहे, धुण्यासाठी नाही. पंचा पाण्यात बुडवू नका, डोक्यावर ठेवा. केस वर बांधा. गोंदण असेल तर आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी चालत नाही. पाणी ४० अंशांच्या वर असतं, तेव्हा बीपीच्या माणसांनी थोडाच वेळ बसावं. कुणाच्या घरी उतरलात तर तिथेही हाच क्रम. टबमधलं पाणी तुमच्यानंतर घरातले सगळे वापरणार असतात, म्हणून बूच काढून ते सोडून देऊ नका.

अंघोळीनंतर युकाता हा सुती झगा घालतात. त्याची डावी बाजू नेहमी उजवीवर यायला हवी. उलटं नेसवतात ते प्रेताला. जानवं सव्य की अपसव्य याने कर्म बदलतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांना हा फरक दोनदा सांगावा लागत नाही.

६. देवळं आणि बागा

तोरी नावाची लाकडी कमान दिसली की ते शिंतो देवस्थान, जिन्जा. बुद्धाचं मंदिर ते तेरा. जपानी नकाशावर तेरासाठी उलट्या बाजूला वळलेलं स्वस्तिक छापलेलं असतं, ते बघून चपापू नका. जिन्जाच्या दाराशी पाणी असतं: पळीने आधी डावा हात धुवा, मग उजवा, मग ओंजळीतल्या पाण्याने चूळ. समोर जाऊन नाणं टाका, दोनदा वाका, दोन टाळ्या, हात जोडा, परत एकदा वाका. तेरामध्ये टाळ्या नाहीत, नुसते हात जोडायचे.

आपले देव तुम्हाला ओळखीचे वाटतील आणि वाटणारही नाहीत. बेन्झाइतेन म्हणजे सरस्वती, हातात वीणेच्या जागी बिवा हे वाद्य. कांगितेन म्हणजे आपला गणपती. तोक्योच्या असाकुसाजवळ मात्सुचियामा शोदेन हे त्याचं देऊळ आहे आणि तिथे नैवेद्याला पांढरा मुळा वाहतात. मूर्ती दाखवत नाहीत, ती कायम झाकलेली असते. आग्रह करू नका, मुळा वाहा आणि या.

बागेत दगडी वाटेवर काळ्या दोरीने बांधलेला एक छोटा दगड ठेवलेला दिसेल. त्याचा अर्थ: इथून पुढे जाऊ नये. ना पाटी, ना दोरखंड, ना पहारेकरी. पुण्यात सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग ज्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केली, ती बघायला जाणार असाल तर वाट सोडून चालू नका. हिरवं शेवाळ मुद्दाम जोपासलेलं असतं.

क्योतोच्या गिओन भागात माइको, म्हणजे शिकाऊ गेइशा, दिसली तर तिच्यामागे धावून फोटो काढू नका. ती कामावर निघालेली असते. पर्यटकांच्या अशाच वागण्यामुळे २०२४ पासून तिथल्या खासगी गल्ल्या पर्यटकांना बंद झाल्या आहेत.

७. "नाही" ऐकायला शिका

जपानी माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. "चोत्तो…" म्हणून थांबला, मान तिरकी केली, दातांतून श्वास ओढला, तर उत्तर नाही असं समजा. तिथे आपला "बघा ना, काहीतरी करा ना" लावून धरू नका. समोरच्याला खरोखर त्रास होतो. दोन्ही हातांची फुली केली तर स्पष्ट नाही. घासाघीस दुकानांत नसते.

कुणाच्या घरी जाणार असाल तर लहान भेट न्या, दोन्ही हातांनी द्या. ती तुमच्यासमोर उघडली नाही तर वाईट वाटून घेऊ नका. चार वस्तूंचा संच टाळा, चारचा उच्चार "शी" म्हणजे मृत्यूसारखा आहे. नऊचा "कु" म्हणजे दुःख. लग्नाच्या पाकिटात आपण वर एक रुपया ठेवतो, तशी तिथे ३०,००० येन अशी रक्कम ठेवतात, म्हणजे दहा हजारांच्या तीन नोटा, कारण नोटांची संख्या दोनने भागली जाणारी नको. सुट्या सुट्या वेष्टनातली चिक्की किंवा सोनपापडी उत्तम, ऑफिसात वाटायला सोपी जाते.

८. जमीन हलली तर

हे शांतपणे वाचा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. जपानमध्ये भूकंपाची आगाऊ सूचना २००७ पासून लोकांना दिली जाते. सगळे मोबाइल एकदम कर्कश वाजतात, मग धक्का येतो. मध्ये काही सेकंदच मिळतात. त्यात टेबलाखाली जा, डोकं सांभाळा, बाहेर धावू नका. थांबल्यावर आजूबाजूचे जपानी करतील तसं करा. ते परत जेवायला लागले तर तुम्हीही जेवा. समुद्रकिनारी असाल तर मात्र ताबडतोब उंचावर जा, सामानासाठी थांबू नका. पोलीस ११०, रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११९. पासपोर्ट कायम जवळ ठेवा, परदेशी पर्यटकाला ते कायद्याने बंधनकारक आहे. काही हरवलं तर कोपऱ्यावरच्या कोबान या छोट्या पोलीस चौकीत जाऊन सांगा. आत्याची शाल दोन दिवसांनी घडी घालून परत मिळाली होती.

संध्याकाळी पाचला गावातल्या भोंग्यांतून एकदम गाण्याची धून ऐकू आली तर घाबरू नका. आपत्तीच्या सूचना देणारे ते भोंगे चालू आहेत ना, याची ती रोजची तपासणी असते. मुलांना ती घरी परतायची खूण वाटते.

९. परत येताना

नाणी उरतातच, आणि ती भारतात कुणी बदलून देत नाही. स्टेशनवरच्या यंत्रात टाकून प्रवासाच्या कार्डावर भरा आणि विमानतळावरच्या दुकानात कार्डाने खरेदी करा. पाच येनची नाणी तेवढी वेगळी काढा. पिवळी असतात, मधोमध भोक असतं. पाच येनचा उच्चार "गोएन", आणि गोएन म्हणजे ऋणानुबंध, म्हणून जिन्जात तीच वाहतात. घरात नव्वदीच्या आसपासचं कुणी असेल तर एक त्यांच्या तळहातावर ठेवा. आपल्याकडेही १९४३ ते १९४७ मध्ये भोकाचा पैसा निघत होता, त्यांना आठवेल.